काठावरचं माणूस

चित्रलेखाला पद्माकर आधी ऐकू आला, मग दिसला. वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि त्या बुटक्या सिमेंटच्या छताखाली कुणीतरी पोट धरून हसत असल्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा आहे एवढंच तिला कळलं. कुणाचा, ते आठवायला एक क्षण लागला. मग खांबाच्या पलीकडे त्यांची राखाडी गाडी दिसली, गाडीपाशी पद्माकर, आणि त्याच्यासमोर काठीवर रेललेला त्याच्या रिहॅबच्या वर्गातला एक म्हातारा ग्रीक गृहस्थ. पद्माकर वर्ग घेणाऱ्या फिजिओ मुलीची नक्कल करत होता. गुडघे पार छातीपर्यंत उचलत, हात हवेत फेकत, नाकातून पातळ आवाज काढत तो ‘लव्हली, एव्हरीवन, लव्हली!’ म्हणत होता आणि म्हातारा काठी जमिनीवर आपटत दाद देत होता. हा माणूस तिच्या माहितीचा होता. फार जुन्या माहितीचा. ती खांबापाशी थांबली, लपायचं म्हणून नव्हे, आपण पुढे गेलो तर काहीतरी सांडेल अशा भीतीने. तेवढ्यात त्याने मान वळवली आणि तिला पाहिलं. गुडघा खाली आला. एक हात गाडीच्या बॉनेटवर टेकला, दुसरा शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे जिभेखाली मारायचा स्प्रे असतो. खांदे किंचित पुढे झुकले, श्वास मोजूनमापून येऊ लागला, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो पेशंट झाला. त्याने हे मुद्दाम केलं असतं तर तिला राग तरी आला असता. “काय रे, बरा आहेस ना?” तिच्या तोंडून निघून गेलं. “हो, हो. बरा आहे.” ग्रीक गृहस्थाने मान लववली, ‘गुड, गुड’ म्हणाला, आणि वॉर्डात मेट्रन आल्यावर भेटायला आलेले लोक निघतात तसा काठी सावरत निघून गेला.

दोघं टूनगॅबीला घरी निघाले. गाडी ती चालवत होती. वेंटवर्थव्हिलच्या सिग्नलला तिने सवयीने डावीकडे पाहिलं, त्याच्या ओठांचा रंग बघायला, आणि आपण काय करतोय ते तिला पहिल्यांदा कळलं. म्हणजे करत होती ती वर्षभर. पण आज आपली नजर आपल्याच अंगातून बाहेर पडून समोरच्या माणसावर जाऊन बसताना तिला दिसली, आणि त्या नजरेखाली तो माणूस कसा चेपत जातो तेही दिसलं. पद्माकर खिडकीबाहेर बघत होता. अतिशय शहाण्यासारखा, हात मांडीवर ठेवून.

घरी आल्यावर तिने कुकर लावला, आमटीला फोडणी दिली, मीठ कमी घातलं. हे कमी मीठ आता तिच्या हाताला इतकं वळणी पडलं होतं की लग्नकार्यातलं जेवण तिला खारट लागायचं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीचा कानोसा घेत घेत ती काम करायची. खुर्ची करकरली, म्हणजे उठला. फार वेळ काहीच वाजलं नाही तर ती हात पुसत दारापर्यंत जायची आणि पेपरमागून पान उलटल्याचा आवाज आला की परत फिरायची. झोपेचंही तसंच. रात्र रात्र जागायची असं नाही, झोप लागायची. पण पूर्वीसारखी खोल उतरायची नाही, वरच्या वर तरंगायची, एक कान उघडा ठेवून. सकाळी उठल्यावर अंग असं दुखायचं की जणू कुणाला तरी उचलून आणलंय लांबून. मेलबर्नहून श्रियाचा फोन यायचा. “हाय मम, हाउज डॅड?” लेकीच्या फोनची सुरुवात वर्षभर याच वाक्याने होत होती आणि चित्रलेखा वर्षभर इमानेइतबारे उत्तर देत होती. तिला त्याचं वाईट वाटत नसे. कुणी ‘तू कशी आहेस’ विचारलं असतं तर काय सांगायचं याची तिने तयारीच केली नव्हती.

ते झालं होतं एका रविवारी दुपारी, मागच्या अंगणात गवत कापताना. मोअरचा आवाज चालू होता, म्हणून तिला वाटलं, चाललंय काम. आवाज एकाच जागेवरून येतोय हे तिच्या ध्यानात आलं तोवर बराच वेळ गेला होता. किती, ते तिने कधी मोजलं नाही. मोजायला बसली तर उठता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. बाहेर येऊन पाहिलं तर पद्माकर कुंपणाला पाठ टेकून गवतात बसलेला, चेहरा ओल्या कागदासारखा, आणि मोअर त्याच्या पायाशी घरघरत होतं. तिने रक्ताच्या प्रयोगशाळेत जन्म काढला होता. हृदयाचा स्नायू मरू लागला की रक्तात एक प्रथिन उतरतं, त्याचे आकडे तिच्या हाताखालून रोज जात. कुणाचे तरी, नाव आणि जन्मतारीख असलेल्या कुणाचे तरी. त्या दिवशी तो आकडा कुणी तिला सांगितला नाही, पण इमर्जन्सीच्या खुर्चीत बसून ती स्वतःच आकडे मांडत राहिली, मोअरच्या आवाजावरून. मनगटातून तार घालून स्टेंट बसवला आणि चार दिवसांनी तो चालत घरी आला. छातीवर ओरखडा नाही, मनगटावर फक्त एक टिकलीएवढा डाग. एवढं सगळं होऊन उरलं काय, तर हे. तो डाग महिन्याभरात गेला, पण चित्रलेखाचे डोळे अजून तिथे जात.

रित्वाकडे जायचं पद्माकरने परस्पर ठरवलं. रित्वा तिच्या प्रयोगशाळेतली, बारा वर्षं शेजारच्या बाकावर बसलेली. निवृत्त होऊन वर डोंगरात, ॲडमिनबीच्या पलीकडे, वडिलांच्या जागेत राहायला गेलेली. वडील फिनलंडहून आले होते धरणांच्या कामावर, सुतार म्हणून. माळावर जमीन घेतली आणि घराच्या आधी सॉना बांधला, त्यांच्याकडची वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. घर झालं दोन वर्षांनी, तोवर सगळं कुटुंब सॉनातच राहिलं, आणि रित्वाचा जन्मही तिथलाच. हे ती कामाच्या मध्येच, सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता सांगायची, आणि पुढे दोन दोन दिवस काही सांगायची नाही. ‘जुलैत या, डॅमवर बर्फ धरतो तेव्हा,’ असं तिचं आमंत्रण तीन वर्षं पडून होतं. कार पार्कमधल्या त्या मंगळवारीच रात्रीच्या जेवणानंतर पद्माकरने फोन उचलून तिला सरळ सांगितलं, येतोय आम्ही. “डॉक्टरांना विचारलंयस?” चित्रलेखा म्हणाली. “विचारलंय. आज क्लासच्या आधी.” “काय म्हणाले?” “सॉना चालेल, खालच्या फळीवर, थोडा वेळ. मग आपोआप गार व्हायचं, सावकाश. बर्फाच्या पाण्यात जायचं नाही. ‘नॉट निगोशिएबल, मेट,’ म्हणाले.” हे त्याने इतक्या नीट, धडा पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं की तिला पुढे विचारायला काही उरलं नाही, आणि तेच तिला टोचत राहिलं.

शनिवारी ते निघाले. कॅनबेरा मागे पडलं, कूमा मागे पडलं, झाडं विरळ झाली आणि दोन्ही बाजूंना तो वाळक्या गवताचा पिवळा, ओसाड माळ सुरू झाला. गाडीच्या काचेवर थंडीचा हात पडल्यासारखा वाटत होता. पद्माकरने मध्ये एकदा ‘मी चालवू का?’ विचारलं आणि ती ‘नको, मी ठीक आहे’ म्हणाली. ती ठीक नव्हती. डोळ्यांत वाळू होती, खांद्याच्या मध्ये एक खिळा. पण त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं म्हणजे सहा तास त्याच्या हातांकडे बघत बसायचं, त्यापेक्षा चालवणं सोपं. पूर्वी लांबच्या प्रवासात तोच चालवायचा आणि ती शेजारी बसून संत्री सोलून एकेक फोड त्याच्या तोंडात घालायची, बिया तो खिडकीतून थुंकायचा, ती ओरडायची. पूर्वी म्हणजे कधी? तिला वाटलं, फार तर दीड वर्षापूर्वी. पण ते दुसऱ्याच कुणाच्या संसारातलं वाटत होतं, आपण ट्रेनमध्ये समोर बसून पाहिलेलं.

रित्वाने दोघांना मिठी मारली नाही, प्रश्न विचारले नाहीत. राय पिठाचा काळा पाव आणि वाटाण्याचं घट्ट सूप वाढलं, वरची खोली दाखवली, आणि सकाळी धूर दिसला की खाली या, म्हणाली.

सकाळी धूर दिसला. त्याच्या आधी वास आला. लाकडाचा, ओलसर सालीचा, किंचित गोड. पद्माकर पांघरुणातच उठून बसला आणि म्हणाला, “बंब पेटलाय गं.” वाईला त्यांच्या घरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चित्रलेखाने तो एकदा पेटवायला घेऊन सगळं घर धुराने भरून टाकलं होतं आणि सासूबाई खोकत खोकत हसल्या होत्या. त्याच्या आवाजात तिला आत्ता ते वाईचं लहान पोर ऐकू आलं. खिडकीबाहेर सगळा माळ पांढरा होता. बर्फ नव्हे, दहिवर. गवताच्या काडीकाडीवर साखर धरावी तसं. उताराच्या तळाशी शेततळं, ज्याला इथले लोक डॅमच म्हणतात, राखाडी काचेसारखं घट्ट मिटलेलं. त्याच्या काठाला काळपट लाकडाची एक ठेंगणी खोली, तिच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. पलीकडे चार कांगारू उभे, कान ताठ, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

सॉनात अंधार होता आणि तो अंधार कोरडा, कढत होता. दाराशी वाकून आत शिरताना चित्रलेखाला वाटलं, आपण कुणाच्या तरी पोटात शिरतोय. दोन फळ्या, एकीवर एक, कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी, वीतभर खिडकीतून आत आलेला उजेड. तिने जुना पोहण्याचा पोशाख घातला होता आणि वरून सुती गाउन, तो तिने अंगाभोवती धरून ठेवला होता. रित्वा वरच्या फळीवर, सत्तरीचं सुरकुतलेलं अंग निवांत मोकळं टाकून, पंचा मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत पांढऱ्या कोटातच पाहिलेली बाई. चित्रलेखाने आधी नजर वळवली, मग लक्षात आलं की नजर वळवण्यासारखं इथे काहीच नाही. पद्माकर खालच्या फळीवर बसला, अर्ध्या विजारीत. त्याची उघडी छाती तिने कितीतरी दिवसांनी पाहिली. म्हणजे रोजच पाहत होती, चढते का, उतरते का म्हणून. पण त्यावरचे केस पांढरे झालेत, डाव्या खांद्यावरचा तीळ मोठा झालाय, हे तिला आत्ता दिसत होतं. रित्वाने लाकडी ओगराळ्याने दगडांवर पाणी टाकलं. आवाज झाला तो चर्र असा नव्हे. कुणीतरी खोल उसासा टाकावा तसा. मग वाफ आली. दिसली नाही, नुसती येऊन खांद्यांवर बसली, मानेच्या मागे शिरली, नाकपुड्या भाजत आत गेली. “लोय्लू,” रित्वा म्हणाली. “दगडाचा श्वास. माझे वडील म्हणायचे, तो आला की बोलायचं नाही.” चित्रलेखाच्या पाठीवरून घामाची पहिली धार निघाली आणि मणक्यामणक्यावर थांबत खाली गेली. तिला वाटलं, किती दिवसांत माझ्या पाठीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझंसुद्धा.

काही वेळाने रित्वा उठली, कोट अंगावर टाकला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर गेली. बर्फ फोडण्याचे घाव आत ऐकू येऊ लागले, ठक, आणि मग तळ्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एक विचित्र, लांबलेली गुणगुण. पद्माकर ऐकत होता. मग म्हणाला, “मी पण जाईन म्हणतो. पाण्यात.”

“नाही,” चित्रलेखा म्हणाली.

“अगं, ऐकून तर घे.”

“काय ऐकायचंय? डॉक्टरांनी स्वच्छ नाही म्हटलंय. तूच सांगितलंस ना मला? गरम अंगाने त्या पाण्यात गेलास तर काय होईल माहितीये तुला? शिरा एकदम आवळतात, हृदय—”

“मला माहितीये.”

“माहितीये तर मग हा काय चावटपणा? इतक्या लांब इथे, हॉस्पिटल तासाच्या अंतरावर, आणि तू—”

“चित्रा.” त्याने मान वर केली नाही. घाम त्याच्या नाकाच्या टोकावरून फळीवर पडत होता. “मी जाणार नव्हतो. दार उघडून तिथवर चालत जायचं, पाणी बघायचं, आणि म्हणायचं, नको, माझ्याच्याने नाही व्हायचं हे. एवढंच करायचं होतं. गेल्या वर्षभरात मी एकदाही स्वतःहून नाही म्हटलेलं नाही गं. तेवढा वेळच मिळत नाही. माझ्या आधी तू म्हणून टाकतेस.”

बाहेर कुऱ्हाड थांबली होती. त्याचं म्हणणं खरं होतं. आणि ते खरं असण्याचाच तिला असा संताप आला की डोळ्यांपुढे खिडकीचा उजेड हलला. मग जे आत कुठेतरी वर्षभर मोअरसारखं एकाच जागी घरघरत होतं ते बाहेर आलं.

“आणि तू?” ती म्हणाली. “तू कधी म्हणायला हवं होतंस? शुक्रवारपासून छातीत दुखत होतं तुझ्या. शुक्रवारपासून! डॉक्टरला सांगितलंस तू, माझ्यासमोर, पलंगावर पडल्या पडल्या. दोन दिवस माझ्या शेजारी झोपलास, माझ्या हातचं जेवलास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस. गवत कापायला गेलास. मी काय करायचं मग? तू सांगणार नाहीस म्हटल्यावर मी बघायचं नाही तर काय करायचं?”

त्याने तळहाताने तोंडावरचा घाम पुसला. “तुझी डबल शिफ्ट चालली होती तेव्हा,” तो म्हणाला. “शुक्रवारी घरी आलीस ती सोफ्यावर चपलांसकट झोपलीस. शनिवारी परत गेलीस. म्हटलं, गॅस असेल. उगाच कशाला तुला. तू इतकी दमली होतीस.”

“मी आत्ता दमलेय, पद्माकर.”

हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि दोघांच्या मध्ये त्या अंधारात राहिलं. वर्षभर ती शिंक्यासारखी घट्ट बांधून सगळं टांगून धरत होती आणि आता कुठली गाठ सुटली कळेना. रडू येईल असं वाटलं, पण घामाचंच पाणी इतकं होतं की रडणं वेगळं ओळखू आलं नसतं. “ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “रोज बघतो मी.” त्याने हात पुढे केला, पण तिला या घटकेला त्याचा हात नको होता. तिला त्याचं काहीच नको होतं. आजार नको, समजूतदारपणा नको, हे बघणंही नको. तिथून उठून कुठेतरी निघून जावं इतकंच तिला हवं होतं, आणि त्या खोलीला एकच दार होतं.

दार उघडलं तशी थंडी अंगावर भिंतीसारखी आली, पण आतली धग इतकी होती की ती शिवेना. तिच्या हातापायांतून वाफ निघत होती. उघड्या पायांखाली दहिवर करकरत होतं. लाकडी धक्क्याच्या टोकाशी रित्वाने बर्फ फोडून दारवंट्याएवढं काळं पाणी मोकळं केलं होतं. “जायचंय?” रित्वाने विचारलं. चित्रलेखाने गाउन काढून तिच्या हातात दिला. “आमच्याकडे एकच नियम,” रित्वा म्हणाली, “एक पाण्यात, तर एक काठावर. उडी मारू नको. शिडीने उतर. श्वास बाहेर सोडत जा, आत येतो आपोआप.” मग तिने चित्रलेखाच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि बाजूला झाली. पद्माकर कोट गुंडाळून दारात येऊन उभा होता. “तू बस काठावर,” रित्वा त्याला म्हणाली. “माझे गुडघे गेले. तुला बसता येईल ना नुसतं?”

पहिली पायरी, दुसरी. पोटऱ्यांना पाणी लागलं ते थंड म्हणून नाही, धारदार म्हणून लागलं. मांड्या, कंबर. इथपर्यंत तिच्या डोक्यात वाक्यं होती. शाळेत असताना पुण्यात पाठीला डबा बांधून मुलींच्या बॅचला पोहायला शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, ‘घाबरू नका गं, पाणी धरतं!’ ते आठवलं. या वयात हे काय चालवलंयस असंही कुणीतरी म्हणालं. मग तिने शिडी सोडली आणि पाणी गळ्यापर्यंत आलं आणि वाक्यं बंद झाली. छाती कुणीतरी दोन्ही हातांनी पिळली. श्वास आतच अडकला, तुकड्यातुकड्याने, हुंदक्यासारखा. तोंडातून असा एक आवाज निघाला जो तिने श्रियाच्या जन्मानंतर काढला नव्हता. बाहेर सोड. बाहेर सोड. सोडला. आणि मग तो सगळा कोलाहल एकाएकी थांबला. पाणी काळं होतं. हनुवटीपाशी बर्फाचा एक तुकडा डुलत होता, कड पातळ, आत अडकलेले बुडबुडे. कातडीवर हजार सुया होत्या आणि त्या सुयांच्या आत कुठेतरी एक लहानसं, ऊबदार, अगदी शांत काहीतरी बसलेलं होतं, पाय पोटाशी घेऊन. त्याला नाव नव्हतं. नवरा नव्हता, लेक नव्हती, शिफ्ट नव्हती. लांब कुठेतरी मॅगपाय पक्ष्याने गळा मोकळा केला, आणि तो आवाज ती फक्त आवाज म्हणून ऐकत राहिली.

“चित्रा! पुरे!”

आवाज आला. तिने ओळखला नाही.

“अगं चित्रा, बास! ये बाहेर!”

शिडी कुठे आहे ते तिला शोधावं लागलं. वर आली तेव्हा पाय तिचे नव्हते. पद्माकर धक्क्यावर गुडघ्यांवर बसला होता, पंचा दोन्ही हातांत पसरून, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने तो पाहिला, आणि नेहमीचा प्रश्न तिच्या तोंडी आलाच नाही. दात इतके वाजत होते की कुठलाच प्रश्न आला नसता. त्याने तिला गुंडाळलं, खांदे चोळले, पाठ चोळली, जोराने, जवळजवळ रागाने. “किती वेळ! किती वेळ बसलीस! हाका मारतोय मी इथे केव्हाचा. रित्वा म्हणते अर्धं मिनिट झालं, मला तर... बघ, ओठ कसे झालेत तुझे.” त्याने पंचा तिच्या गळ्यापर्यंत ओढून घेतला. “हे भलतंच कठीण आहे गं. हे काठावर बसणं.”

“हं,” ती म्हणाली.

बाहेरच्या छोट्या खोलीत, जिथे कपडे टांगले होते, त्याने तिला बाकावर बसवलं. तिच्या कातडीवर आता सगळीकडे आग पेटली होती, लालबुंद, बोटांच्या टोकांपर्यंत. आणि त्या आगीच्या खाली एक मोठी, जड, गोड ग्लानी भरत येत होती. तिने स्वेटर अंगात घातला, पण बोटांना बटणं धरता येईनात. पद्माकर समोर जमिनीवर बसला आणि बटणं लावू लागला.

“काय वाटलं?” त्याने खाली बघतच विचारलं. “आत असताना.”

खोटं बोलायला लागणारी ताकद अंगात नव्हती. “काहीच नाही,” ती म्हणाली. “तू नव्हतास.”

त्याचे हात थांबले.

“म्हणजे तू आहेस हेच माहीत नव्हतं. तू हाक मारलीस तर कोण बोलावतंय कळलं नाही मला.” तिला वाटलं, आता याला लागेल. लागू दे. त्याने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता, म्हणजे तोंड हसण्याच्या बेतात होतं, नीट जमत नव्हतं. “बरं झालं,” तो म्हणाला, आणि बोटांनी पुढचं बटण शोधू लागला. “बरं झालं गं. किती दिवसांनी.” मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, “आणि मी नाही गेलो हं पाण्यात. वाकून पाहिलं. नकोच वाटलं.”

“हो?” ती म्हणाली.

“हो. फारच काळं आहे.”

सॉनाच्या दारातून रित्वा बाहेर आली, हातात कॉफीचं भांडं. दोघांकडे पाहिलं आणि चित्रलेखाच्या छातीकडे बोट केलं. बटणं एकेक घर चुकून लागली होती. एका बाजूला गळा वर, दुसऱ्या बाजूला खाली लोंबता पदर. “युअर बटन्स,” रित्वा म्हणाली.

“आय नो,” चित्रलेखा म्हणाली. तिने डोकं मागे लाकडाला टेकलं. लाकूड आतल्या शेगडीने अजून ऊबदार होतं. पद्माकर उठला की बसलेलाच होता, कॉफी घेतली की नाही, ते तिने पाहिलं नाही. डोळे मिटले होते.